सत्ता हाती घेऊन ती कमी करणारे लोकप्रतिनिधी हवेत

शिवारकरी (धागाकर्ता)

७ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी आमच्या खळ्यावर लाल कांद्याची ट्रॉली भरणे चालू होते. पात कापलेला कांदा निवडून मोठा माल एका ढिगात, गोल्टी दुसऱ्या ढिगात आणि चिंगळी तिसऱ्या ढिगात टाकली जात होती. पहाटे लवकर निघून रांगेत पुढचा नंबर मिळावा, एवढीच चिंता होती. सकाळी बाजार समितीच्या आवारात पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टरांच्या रांगा होत्या, पण लिलाव पुकारणारे कोणी नव्हते. रातोरात निर्यातबंदी झाली होती. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने दम धरतो. लाल कांद्याला तेवढा टिकाव नसतो, तो काढला की विकावाच लागतो. पुढे लिलाव सुरू झाले तेव्हा मिळेल तो भाव पदरात घेतला. हिशेबपट्टीवर हमाली-तोलाई वजा होऊन उरलेल्या रकमेतून काढणीची मजुरी आणि भाडे दिल्यावर हातात सांगण्यासारखे काही राहिले नाही.

भाव पडण्याचे दुःख नवे नाही. पाऊस जास्त झाला, आवक वाढली, परदेशातली मागणी घटली, तर भाव पडतो आणि शेतकरी तो सोसतो, कारण पुढच्या वर्षी तोच बाजार त्याला चार पैसे जास्तही देऊ शकतो. मला सलते ते हे की, लाखो कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीवर परिणाम करणारा हा निर्णय संसदेत चर्चेला आला नाही, त्यावर मतदान झाले नाही, आणि ज्यांचे नुकसान होणार होते त्यांना एका शब्दानेही विचारले गेले नाही. विदेशी व्यापार (विकास आणि विनियमन) अधिनियम, १९९२ सरकारला असा अधिकार देतो आणि त्याखाली एक अधिसूचना काढली की काम होते. कायदा तसे सांगतो, म्हणून ते बेकायदा नाही. माझी तक्रार नेमकी तेथेच आहे.

आता तारखा पाहा. डिसेंबर २०१० मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. सप्टेंबर २०११ मध्ये पुन्हा झाली. २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२० आणि ८ डिसेंबर २०२३ या त्यापुढच्या तारखा. पहिल्या दोन वेळी केंद्रात एका आघाडीचे सरकार होते, नंतरच्या तीन वेळी दुसऱ्या आघाडीचे. मे २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या मतदारांनी कांद्याचा राग मतपेटीतून दाखवला आणि दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. तो राग मला मान्य आहे, मीही त्यात होतो. पण जे निवडून आले, त्यांच्या पक्षाच्या हाती उद्या केंद्राची सत्ता आली तर ते हेच हत्यार वापरणार नाहीत, असे आश्वासन त्यांनी दिलेले नाही आणि आपणही ते मागितलेले नाही. आपण हत्यार धरणारा हात बदलतो आणि हत्यार जागच्या जागी ठेवतो.

यावर अनेकजण म्हणतात की कायदा बदलला की प्रश्न मिटेल. मीही २०२० पर्यंत तसेच मानत होतो. त्या वर्षी ५ जूनला केंद्र सरकारने अध्यादेश काढून आवश्यक वस्तू कायद्याखालचे आपलेच अधिकार आखडते घेतले. कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया यांच्या साठ्यावर युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ अशा प्रसंगांशिवाय मर्यादा घालणार नाही, असे त्यात लिहिले होते. आम्ही आनंदलो. सव्वातीन महिन्यांनी, त्या अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर संसदेपुढे असतानाच, कांद्याची निर्यात बंद करण्यात आली, आणि ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्यांवर साठवणुकीची मर्यादाही आली. कागदावर एका कायद्याची पकड सैल झाली, तेव्हा दुसऱ्या कायद्याची पकड वापरली गेली. पुढच्या वर्षी तर ती दुरुस्ती अन्य दोन कृषी कायद्यांबरोबर मागेच घेण्यात आली. त्या कायद्यांविरुद्धच्या शेतकरी आंदोलनाच्या न्याय-अन्यायात मी येथे शिरत नाही. मला एवढेच दिसले की, हस्तक्षेप करणे हेच राज्यकर्त्याचे काम आहे अशी ज्याची मनापासून धारणा आहे, त्याला एक दार बंद केले तर तो दुसरे उघडतो.

म्हणून माझे मत असे बनले आहे की, मर्यादित शासन केवळ कायद्याच्या मसुद्याने, न्यायालयाच्या निकालाने किंवा रस्त्यावरच्या आंदोलनाने येत नाही. सत्ता हाती असताना ती वापरण्याचा मोह ज्यांना आवरता येतो, आणि तो आवरला पाहिजे असे जे मतदारांना आधीच सांगून निवडून येतात, असे लोकप्रतिनिधी लागतात. अशी माणसे दुर्मिळ असली तरी काल्पनिक नाहीत. १९९१ च्या जूनमध्ये पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव (ते आपल्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेले होते, हे पुष्कळांना आठवत नसेल) यांनी उद्योग खाते स्वतःकडे ठेवले होते. कारखाना कोणी काढावा, कोठे काढावा आणि त्यात किती माल बनवावा, हे ठरवण्याची ताकद त्या खात्यात होती आणि कितीतरी वजनदार माणसे त्या दाराशी वर्षानुवर्षे खेटे घालीत होती. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांसाठी परवान्याची अट रद्द केली. ज्या मंत्र्याच्या सहीला सर्वांत जास्त किंमत होती, त्यानेच आपल्या सहीची गरज संपवली. परकीय चलनाच्या संकटाने ते करायला लावले, हे खरे आहे. पण त्याच संकटात आणखी निर्बंध लादणारा नेताही आपल्याला मिळू शकला असता.

मर्यादित शासन म्हणजे दुबळे शासन, असा अर्थ मी करीत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली जावी, वाटणीचा दावा आजोबांनी लावला तर निकाल नातवाला ऐकावा लागू नये, सातबारावरची नोंद चिरीमिरीशिवाय व्हावी, गावच्या शाळेत शिक्षक असावा, धरणाचा कालवा फुटला तर दुरुस्त व्हावा. ही कामे सरकारचीच आहेत आणि ती नीट होत नाहीत, याचे एक कारण मला असे वाटते की सरकारचे लक्ष, पैसा आणि माणसे जेथे नको तेथे गुंतलेली आहेत.

आणि आपणही यात आहोत. उमेदवार गावात आला की सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, कर्जमाफी आणि अनुदान यांची यादी आपण त्याच्या हाती देतो. "तुम्ही आमच्यासाठी काय आणाल?" हा प्रश्न मीही अनेकदा विचारला आहे. "तुम्ही सरकारचा कोणता अधिकार सोडाल?" हा प्रश्न मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. तो विचारावा का, आणि त्याला उत्तर देणारा माणूस निवडून येऊ शकतो का, यावर सदस्यांची मते जाणून घ्यायची आहेत.

नेमस्त

धागा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ही परंपरा अगदीच नाही असे नव्हे, म्हणून थोडे जुने सांगतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्याचा गाभा हाच होता. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकार ती आपल्या कार्यक्षमतेचा पुरावा म्हणून मिरवत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की, ज्या वर्षांत दुष्काळाने माणसे मरत आहेत त्या वर्षांतली शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा जास्त काढून घेतलेला पैसा आहे. मिठावरचा कर कमी करा, लष्करी खर्चाला आळा घाला, आणि जे खर्च करायचे ते शिक्षणावर करा, अशी त्यांची मागणी होती. १९०३ पासून मिठावरचा कर टप्प्याटप्प्याने उतरला. न्यायमूर्ती रानड्यांचा हा शिष्य सरकारने काहीच करू नये असे मानणारा नव्हता. खुद्द रानडे तर उद्योगांना सरकारने हात द्यावा अशा मताचे होते. तरीही तिजोरीतला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घरातून आलेला आहे, ही जाणीव त्या पिढीला होती आणि ती आज कोणत्याही सभागृहात फारशी ऐकू येत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा प्रयत्न मोठा होता. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करून कसायच्या, या कल्पनेने देशभरातला शेतकरी धास्तावला आणि त्याच वर्षी राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), प्रा. एन. जी. रंगा, मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष स्थापन केला. स्थापनेचे अधिवेशन मुंबईत भरले होते. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हा शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला. १९६२ मध्ये त्या पक्षाचे अठरा खासदार आले, १९६७ मध्ये चव्वेचाळीस, आणि लोकसभेतला तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. १९७१ मध्ये 'गरिबी हटाव'च्या लाटेत आठ जागा उरल्या आणि १९७४ मध्ये पक्ष विसर्जित होऊन भारतीय लोकदलात मिसळला.

त्या पराभवाचे कारण केवळ इंदिराबाईंची लोकप्रियता नव्हती, असे मला वाटते. संस्थानिक, जमीनदार आणि उद्योगपती यांचा तो पक्ष आहे, ही प्रतिमा पुसता आली नाही, आणि ती सर्वस्वी खोटीही नव्हती. आपले भाडे आणि आपले तनखे वाचवण्यासाठी मर्यादित शासन मागणारे लोक त्या पक्षात होते, तसेच सामान्य माणसाच्या स्वातंत्र्यासाठी ते मागणारेही होते, आणि मतदाराला दोघांत फरक करता आला नाही. धागाकर्त्यांना जो नेता हवा आहे तो पुन्हा उभा राहायचा असेल, तर त्याने आधी आपल्या जवळच्या माणसांची सवलत सोडून दाखवली पाहिजे. साखर कारखाना असलेल्या नेत्याने दोन कारखान्यांमधल्या पंचवीस किलोमीटरच्या हवाई अंतराच्या अटीविरुद्ध बोलावे. मग मी त्याच्यावर विश्वास ठेवीन.

वऱ्हाडची लेक

नेमस्त काका, आपण स्वतंत्र पक्षापाशी थांबलात. माझ्या माहेरी ही गोष्ट पुस्तकातून आली नाही.

आमचे गाव वरूडच्या बाजूला, मध्य प्रदेशच्या सीमेपासून जवळ. महाराष्ट्रात १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने पिकवलेला कापूस फक्त सरकारच्या केंद्रावर द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. केंद्रावर बैलगाड्यांची रांग दोन-दोन दिवस लागे. बाबा गाडीखाली गोणपाट अंथरून झोपत आणि आई माझ्या भावाच्या हाती भाकरीचे फडके पाठवी. ग्रेडर मूठभर कापूस ओढून बोटांत फिरवी आणि प्रत ठरवी, त्या प्रतीवर वर्ष ठरे. चुकारे हप्त्याहप्त्याने येत. पलीकडे पांढुर्ण्याला रोख पैसे मिळत, भावही काही वर्षी चांगला असे, पण नाक्यावर पोलीस असत. स्वतःच्या शेतातला कापूस रात्री आडवाटेने नेणारा शेतकरी कायद्याच्या भाषेत गुन्हेगार ठरत होता. मी सहा-सात वर्षांची असेन, तरी "आज रात्री गाडी न्यायची आहे, बाहेर बोलू नको," हे बाबांचे वाक्य मला अजून आठवते.

योजना सुरू करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. व्यापाऱ्यांची लूट थांबावी म्हणूनच ती आणली होती, आणि बाजार पडलेल्या काही वर्षी तिने आधारही दिला. पण ज्या वर्षी बाहेर भाव जास्त त्या वर्षी कापूस चोरून बाहेर जाई, ज्या वर्षी कमी त्या वर्षी बाहेरचा कापूस चोरून आत येई, आणि तोटा राज्याच्या तिजोरीवर चढत राही. अखेर २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली, तीही तत्त्व पटले म्हणून नव्हे, तोटा पेलवेना म्हणून.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सभांना बाबा जात. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या घराच्या भिंतीवर गेरूने लिहिलेली होती. त्यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण सभेला लाखाने येणारे शेतकरी मत द्यायच्या वेळी जात, गट आणि कारखाना पाहून मत देत. बाबांनीही एकदा तसेच केले आणि त्याचे त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटले.

एक गोष्ट मात्र मला त्या संघटनेची सर्वांत मोलाची वाटते. लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यायचा होता. कोणताही कायदा तसे सांगत नव्हता, अनुदान नव्हते, सक्ती नव्हती. एका गावात शंभर कुटुंबांनी तसे केले की ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. माझ्या आईचे नाव सातबाऱ्यावर तेव्हा चढले. तो उतारा ती लुगड्याच्या घडीत ठेवत असे.

भीमाकाठ

वरचे प्रतिसाद वाचून अंतःकरण हलले, तरीही माझा आक्षेप नोंदवतो.

'मर्यादित शासन' हे शब्द ऐकले की मला आधी गावकी आठवते. सरकार जेथे पोहोचत नव्हते तेथे स्वातंत्र्य नांदत नव्हते, तेथे जातीची सत्ता नांदत होती. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव संमत केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरी १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तेथे जावे लागले व त्या माणसांनी मार खाल्ला. ठराव होता, पण त्यामागे उभे राहणारे सरकार नव्हते. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले त्यात शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे स्पष्ट लिहिले आहे, कारण मालकाच्या खाजगी सत्तेपासून मजुराला कोण वाचवणार, हा त्यांचा प्रश्न होता.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तिला तेथे सुकडी मिळत असे आणि तीच घरी आणून ती मुलांना देई. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना नसती तर आमच्या घरातली किती माणसे जगली असती, हे मला सांगता येत नाही. ज्याच्याकडे कांद्याची ट्रॉली आहे त्याला सरकार दूर हवे असेल. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला सरकार जवळ हवे असते.

शिवारकरी

भीमाकाठ दादा, आपला आक्षेप टाळून पुढे गेलो तर या धाग्याला अर्थ उरणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

महाडला जे कमी पडले ते सरकारचे मूळ काम होते. नागरिकाचा हक्क कोणी बळाने हिरावून घेत असेल तर त्याच्या पाठीशी पोलीस आणि न्यायालय उभे राहिले पाहिजे, आणि त्यात कोणतीही काटकसर मला मान्य नाही. ताईंनी वर्णन केलेल्या नाक्यावरचा पोलीस आणि चवदार तळ्यावर जो नव्हता तो पोलीस यांचा काळ वेगळा, राज्यकर्ते वेगळे. पण आजही एखाद्या गावात वरात अडवली जाते तेव्हा पोलीस उशिरा येतो, आणि त्याच जिल्ह्यात व्यापाऱ्याच्या गोदामातली पोती मोजायला पथक वेळेवर पोहोचते. सरकारने काय आधी करावे, हा माझा प्रश्न आहे. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले होते, की रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेच्या मुलांना साधी प्राथमिक शाळा मिळत नाही. शाळा ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यात आणि माझ्या म्हणण्यात मला विरोध दिसत नाही.

रोजगार हमीविषयी आपले म्हणणे पूर्णपणे मान्य करतो. १९७७ च्या कायद्याने काम मागणाऱ्याचा हक्क लिहून ठेवला आणि सरकारवर कर्तव्य टाकले. तेथे मंत्र्याच्या कृपेला जागा कमी होती. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, तोही उघडपणे, विधिमंडळात कायदा करून. कोणाकडून किती घेतले आणि कोणाला दिले हे हिशेबात दिसते. निर्यातबंदीने माझ्या ट्रॉलीतून जे घेतले ते कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. संविधानाच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही, पण भाव पाडून घेतलेल्या पैशाला कर म्हणत नाहीत, म्हणून तो प्रश्न सभागृहात येतच नाही.

बाबासाहेबांच्या १९४७ च्या निवेदनाबद्दल आपण लिहिले ते अचूक आहे. पुढे १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहा यांनी 'समाजवादी' हा शब्द संविधानात घालण्याची दुरुस्ती आणली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला होता. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे, संविधानाने ती आधीच बांधून टाकली तर लोकशाहीच नष्ट होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आणीबाणीत. आणि १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क प्रमाणे प्रत्येक पक्षाला नोंदणी करताना समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणजे आपण ज्या नेत्याची चर्चा करीत आहोत, त्याला राजकारणाच्या दाराशीच एक तर आपले मत लपवावे लागते किंवा बाहेर राहावे लागते. शरद जोशी यांनी राज्यसभेत असताना ही अट काढून टाकण्यासाठी खाजगी विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही. समाजवादी विचाराच्या माणसाला पक्ष काढण्याचा पूर्ण अधिकार असावा, तसा तो न मानणाऱ्यालाही असावा, यात आपले एकमत व्हावे असे मला मनापासून वाटते.

निवृत्त अभियंता

बांधकामाच्या क्षेत्रात सदतीस वर्षे काढली, म्हणून सिमेंटपुरते लिहितो.

१९७९ मध्ये वडिलांचे घर बांधायला घेतले होते. सिमेंटला परमिट लागे. किती चौरस फूट, किती पोती, याचा अर्ज एका सरकारी कचेरीत दिला आणि भिंती झाल्यावर स्लॅबसाठी पाच महिने थांबलो. मे गेला, पावसाळा आला, उघड्या भिंतींवर शेवाळ चढले. मिळालेली पोती अखेर आली तेव्हा त्यातली काही दमटपणाने आत दगड झालेली होती. हातोड्याने फोडून, चाळून, जेवढे वापरता येईल तेवढे वापरले. त्या कचेरीतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे शंभर अर्ज आणि वीस जणांना पुरेल एवढा कोटा होता.

याच सिमेंटच्या वाटपावरून मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राजीनामा द्यावा लागला. त्या वेळी सगळी चर्चा माणसाच्या नीतिमत्तेवर झाली. पोत्यावर मुख्यमंत्र्याची मेहेरबानी का लागावी, हे फार थोड्यांनी विचारले. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटचे नियंत्रण अंशतः उठवले आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे. कारखाने वाढले, आणि आज गावच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन दहा पोती मागितली तर दुकानदार नाव-गाव न विचारता देतो. चाळिशीच्या आतल्या सदस्यांना त्यात विशेष काही वाटणार नाही. मला अजूनही ते पोते खांद्यावर घेताना वडिलांचा चेहरा आठवतो.

नेता प्रामाणिक हवा, हे सर्वजण म्हणतात. मी म्हणेन की ज्याच्या प्रामाणिकपणावर सिमेंट अवलंबून राहणार नाही अशी व्यवस्था करणारा नेता हवा.

मुलुंडवासी

मी कांदा खाणारी आहे, पिकवणारी नाही. ऐंशी रुपये किलो झाला की आमच्या घरातले महिन्याचे गणित बिघडते. सरकारने हात बांधून बसावे असे मला म्हणता येणार नाही.

शिवारकरी

ताई, हा प्रश्न रास्त आहे. आपल्यासाठी सरकारने खुल्या बाजारात, बाजारभावाने कांदा विकत घ्यावा आणि गरजू कुटुंबांना स्वस्तात द्यावा. फरकाचा पैसा तिजोरीतून जावा, म्हणजे तो तुम्ही, मी आणि ज्यांचे उत्पन्न आपल्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त आहे ते, असे सगळे मिळून देऊ. आज तो भार एकट्या उत्पादकावर टाकला जातो, आणि हात पोळल्यावर तो पुढच्या हंगामात लागवड कमी करतो. मग वर्षभराने तुमचा कांदा पुन्हा महागतो.

भीमाकाठ

शिवारकरी, आपल्या उत्तराने माझे पूर्ण समाधान झाले असे नाही. खाजगी सत्तेचा प्रश्न तसाच राहतो आणि त्यावर मी वेगळा धागा काढीन. पण कलम २९-क बद्दल मी आपल्याशी सहमत आहे, आणि दिसणारा कर व न दिसणारी वसुली यांतला फरक मला पटला.

एक सूचना. तुम्ही उमेदवाराला जो प्रश्न विचारणार आहात, त्याला दुसरा भाग जोडावा. सरकारचा कोणता अधिकार सोडाल, हे विचारताना सरकारचे कोणते कर्तव्य आजवर टाळले गेले आणि तुम्ही ते पुरे करून घ्याल, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसऱ्याला बगल देणारा उमेदवार माझे मत मिळवू शकणार नाही.

शिवारकरी

सूचना स्वीकारली. दोन्ही प्रश्न एका कागदावर लिहिले आहेत. अधिकाराच्या बाजूला: पेरणीनंतर आणि काढणीपूर्वी शेतमालाच्या निर्यातीवर बंदी घालण्याचा अधिकार संसदेच्या मंजुरीशिवाय वापरता येऊ नये, यासाठी १९९२ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवाल का? कर्तव्याच्या बाजूला: आमच्या तालुक्याच्या न्यायालयात जमिनीचे जे दावे वर्षानुवर्षे पडून आहेत, त्यांसाठी न्यायाधीशाचे आणखी एक पद मिळावे म्हणून सभागृहात प्रश्न मांडाल का?

पुढच्या निवडणुकीत जो कोणी आमच्या गावी येईल त्याच्यासमोर हा कागद ठेवीन आणि मिळालेली उत्तरे, पक्ष न पाहता, जशीच्या तशी येथे लिहीन. ताईंनी आणि अभियंता काकांनी आपापल्या गावी विचारून लिहिले तर एका ठिकाणी वाचायला मिळतील.